एक लेबल कमी

आधीच सांगून ठेवते, थांबासाहेबांना कामावर घ्यायची माझी तिळमात्र इच्छा नव्हती. औषधाच्या कंपनीत एकोणीस वर्षं मी त्या माणसाला सोसलं होतं. मी पॅकिंगची सुपरवायझर आणि ते क्वालिटीचे प्रमुख. आमच्या लाइनवर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत जात, खोकी पेट्यांत जात, सगळं कसं सुरळीत चाललेलं असे, आणि तेवढ्यात दार उघडून एक पांढरा कोट आत येई आणि म्हणे, "थांबा." बस, एवढंच. आवाज चढवणं नाही, शिव्या नाहीत. मशीन थांबायचं, बत्तीस बायका थांबायच्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुठेतरी एक खोकं वाकडं असायचं, नाहीतर तारखेतला एक आकडा पुसट उमटलेला असायचा. खरं नाव त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर होतं, पण आम्ही बायका त्यांना थांबासाहेबच म्हणायचो. तोंडावर अर्थातच "सर".

मग एके दिवशी कंपनीने आमचा जुना कारखानाच बंद केला आणि आम्ही सगळे दाही दिशांना पांगलो. कोणाचं काय झालं म्हणाल तर ऐका. गोळ्यांच्या मशीनवरचा ऑपरेटर आता घरी साबण बनवतो. प्रत्येक वडी काट्यावर ठेवतो, आणि एक चिमूट कमी भरली तर ती विकत नाही, स्वतः वापरतो. सबंध शहरात त्याच्याइतका स्वच्छ माणूस नसेल. औषधं खपवणारा एक प्रतिनिधी होता, तो आता पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो आणि दार उघडेल त्याला, अगदी कडेवर पोर घेतलेल्या बाईलासुद्धा, "डॉक्टर" म्हणतो. वर्षातून दोनदा आम्ही एका हॉटेलात जमतो. थंड पेयाची बाटली टेबलावर आली की सगळे आधी ती उलटी करून मुदत संपायची तारीख वाचतात, मग पितात. तिथला वेटर आता बाटल्या उलट्याच आणून ठेवतो.

मी काय केलं? दिराबरोबर बिस्किटांची बेकरी काढली. भट्टी आणि गाडी त्याच्याकडे, पॅकिंग माझ्याकडे, हाताखाली सहा मुली. दोनच प्रकारची बिस्किटं, साधी आणि बदामाची. कोणी "थांबा" म्हणणारं नाही, म्हणून मी फार सुखात होते.

त्या सुखाला दृष्ट लागली ती एका मंगळवारी. थांबासाहेबांची बायको बेकरीत आली आणि पिठाच्या पोत्यांपाशी उभी राहून म्हणाली, "ताई, यांना तुमच्याकडे घ्या."

"कोणाला? सरांना?" माझ्या हातातला खोका पडायचाच बाकी होता.

"आठ महिन्यांत तीन ठिकाणं झाली," ती म्हणाली. "माझ्या भावाचं औषधाचं दुकान आहे, तिथे ठेवलं. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर हे खोकल्याची गोळीसुद्धा देईनात. महिन्याभरात दुकानात माशी फिरकेना. मग शाळेच्या भांडारात लागले. तिथे म्हणे वह्यांची पानं मोजायला बसले. बत्तीस वह्यांत दोन-दोन पानं कमी निघाली, ते लिहून दिलं, आणि ज्याने वह्या पुरवल्या तो निघाला मुख्याध्यापकांचा साडू. तिसऱ्या ठिकाणाचं तर विचारूच नका."

"मग घरीच बसू देत की थोडे दिवस."

"घरी!" तिने कपाळाला हात लावला. "परवा मी भाजी चिरून ठेवली. परत येऊन बघते तर वाटीवर चिठ्ठी, 'तपासणी बाकी, वापरू नये'. ताई, मीच चिरली होती हो!"

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बोलत काही नाहीत. पण मला दिसतं ना. पुन्हा कुठे विचारायला जायची हिंमत राहिलेली नाही. हे शेवटचं. इथूनही काढलं, तर तो माणूस उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. मी आलेय हे त्यांना माहीत नाही, तुम्ही आपणहून बोलावल्यासारखं करा."

आता यावर नाही कसं म्हणायचं? माझ्या जिभेला हाड नाही हे खरं, पण काळीज आहे. दीर म्हणाला, "वहिनी, डोक्यावर मिरी वाटायला माणूस ठेवताय." मी म्हटलं, एक महिना बघू.

सोमवारी सकाळी पावणेआठला थांबासाहेब हजर. पांढरा कोट स्वतःच घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्या मुलींचे केस टोपीत घालायला लावले, अंगठ्या काढायला लावल्या, आणि मग दिराकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्या दिराला मिशी आहे. साधीसुधी नाही, तेल लावून पीळ दिलेली, लग्नाच्या आधीपासून जपलेली.

"मिशीला जाळी लागेल," थांबासाहेब म्हणाले.

"कशाला लागेल?"

"मिशीला."

दीर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण जाळी लावली. भट्टीपुढे उभा राहिला की पाव चोरताना पकडल्यासारखा दिसायचा, आणि मुली तोंडात रुमाल कोंबून हसायच्या.

मग सुरू झाले नमुने. प्रत्येक घाण्यातली दोन बिस्किटं बरणीत सीलबंद करायची, वर तारीख, वेळ आणि सही. उद्या कोणी तक्रार केली तर ताडून बघायला आपल्याकडे काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. एक दिवस दिराने चहाबरोबर त्यातलं एक खाल्लं. चौकशी दीड तास चालली. शेवटी दीर माझ्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, खून केला असता तर लवकर सुटलो असतो."

नाही नाही म्हणता एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. तीन आठवड्यांत करपलेल्या बिस्किटांची एकही तक्रार आली नाही. आणि तो माणूस बदलला. आला तेव्हा कोट अंगावर लोंबत होता, आता त्याला खांदे आल्यासारखे वाटत होते. एकदा तर मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. घाबरून मी आत जाऊन पाणी प्याले.

त्यांचा सगळ्यात कडक नियम लेबलांचा. औषधाच्या कारखान्यात एक लेबल इकडचं तिकडे झालं, तर भलत्याच बाटलीवर भलतंच नाव लागतं आणि माणूस जीवानिशी जातो. त्यामुळे लेबलं मोजून द्यायची, मोजून घ्यायची. लावलेली, खराब झालेली आणि उरलेली मिळून दिलेल्याएवढी भरलीच पाहिजेत. नाही भरली तर माल हलत नाही. हे मी काही त्यांच्याकडून नव्याने शिकत नव्हते. मीच बत्तीस बायकांना घोकून घोकून शिकवलं होतं.

चौथ्या आठवड्यात आम्हाला पहिली मोठी ऑर्डर आली. रुग्णालयाच्या कँटीनची, दोनशे चाळीस खोकी, सगळी साधी. कँटीनच्या बाईंनी फोनवर तीनदा बजावलं होतं, "बदामाचा कण चालणार नाही हं, काही पेशंटना सोसत नाही." म्हणून आम्ही मुद्दाम वेगळी लेबलं छापून घेतली, ठळक अक्षरांत, 'बदाम नाहीत'. माल अकराला पोचायला हवा होता. त्याच सकाळी एका दुकानासाठी बदामाची साठ खोकीही भरायची होती. खोकी सगळी सारखीच, आत काय आहे ते लेबलावरूनच कळणार.

दहा वाजता गाडी भरायला घेतली. थांबासाहेब टेबलाशी स्टुलावर बसून हिशेब मांडत होते. दिलेली लेबलं अडीचशे. लावलेली दोनशे चाळीस. खराब तीन. उरलेली सहा.

त्यांनी पुन्हा मोजली. मग उठले आणि म्हणाले, "थांबा."

मी विचारलं, "किती?"

"एक कमी."

"एका कागदाच्या कपट्यासाठी?" दीर गाडीच्या दारातून ओरडला. "अहो, पडलं असेल कुठेतरी!"

"कुठेतरी म्हणजे कदाचित बदामाच्या खोक्यावर," थांबासाहेब म्हणाले. "ते सापडेपर्यंत कुठल्या खोक्यात काय आहे हे मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता?"

दीर माझ्याकडे बघायला लागला. मुलीही बघायला लागल्या. मला त्या माणसाचा इतका राग आला म्हणून सांगू! आणि राग आला कारण त्यांचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. मी दात ओठ खात म्हटलं, "उघडा."

तीनशे खोकी उघडली. प्रत्येकातलं एक बिस्किट मोडून बघितलं, पुन्हा बंद केली. टेबलाखाली बघितलं, केराच्या डब्यात बघितलं, मुलींच्या बाह्या झटकल्या, दिराच्या मिशीची जाळीसुद्धा उलटी करून बघितली. मधल्या वेळात कँटीनच्या बाईंचे पाच फोन येऊन गेले. पाचव्याला त्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. साडेबारा वाजले. थांबासाहेब खाली वाकून कपाटामागे डोकावत होते, आणि एवढ्यात सगळ्यात धाकटी मुलगी फिसकन हसली.

वाकल्यामुळे कोट वर सरकला होता, आणि थांबासाहेबांच्या पँटच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'बदाम नाहीत'.

सगळ्या अशा हसल्या की एकीने भिंतीला टेकून बसकण मारली. दीरही हसला, मीही हसले. थांबासाहेबांनी हात मागे नेऊन ते लेबल सोलून काढलं, डोळ्यांसमोर धरलं, आणि माझं हसू तिथल्या तिथे गोठलं. लेबलाचा डावा कोपरा फाटलेला होता.

ते लेबल माझं होतं. सकाळी मी एक खोकं हातात घेतलं, लेबल वाकडं बसलं, म्हणून सोलून काढलं आणि स्टुलाच्या कडेला चिकटवून ठेवलं, नंतर खराब लेबलांत देऊ म्हणून. पॅकिंगच्या बायकांची ही जुनी खोड. हात गुंतलेले असतात, लाइन पुढे पळत असते, कोण उठून नोंद करणार? आणि मग मी विसरले. ते आले आणि कोट चुरगळू नये म्हणून तो वर उचलून त्याच स्टुलावर बसले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोर सहा मुली, ज्यांना मी रोज नियम ऐकवते. बाजूला लालबुंद झालेला दीर. मालकीण म्हणून काय तोंड दाखवू, असं वाटलं आणि मी मूग गिळून गप्प बसले. मला लाज वाटते सांगायला, पण बसले.

"वहिनी, आता मात्र पुरे झालं," दीर म्हणाला. "अडीच तास ज्याच्या बुडाखाली होतं तोच आपल्याला शोधायला लावतो! आजच्या आज यांना निरोप द्या."

निरोप द्यायची वेळच आली नाही. थांबासाहेबांनी रजिस्टर उघडलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, "चूक तपासणाऱ्याची. लेबल तपासणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे त्याच्या कपड्यांना चिकटले." खाली सही, तारीख, वेळ. ते लेबल पुराव्यादाखल पानावर चिकटवलं. मग कोट काढला, नीट चार घड्या घालून टेबलावर ठेवला, मला म्हणाले, "येतो," आणि गेले. जाताना दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसून गेले. बाहेर जाताना!

गाडी गेली. कँटीनच्या बाईंनी दिराची खरडपट्टी काढली आणि माल ठेवून घेतला. मी जेवायला बसले, पण डबा तसाच बंद करून ठेवला. डोळ्यांसमोर सारखी पिठाच्या पोत्यांपाशी उभी असलेली ती बाई. हे शेवटचं, म्हणाली होती.

चार वाजता मी रजिस्टर पिशवीत घातलं आणि दिराला म्हटलं, "ते लेबल माझं होतं. मी चिकटवलं होतं स्टुलाला."

त्याला चहाचा ठसका लागला. "मग मघाशी काय तोंडाला कुलूप लावलं होतंत?"

 मी चपला घातल्या आणि निघाले.

थांबासाहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बायकोने हसत दार उघडलं. "या ना ताई! आज यांना लवकर सोडलंत, बरं झालं हो. तेवढेच मटार सोलून होतील." म्हणजे घरी काही सांगितलेलंच नव्हतं. ती चहा ठेवायला आत गेली.

थांबासाहेब जेवायच्या टेबलाशी बसून मटार सोलत होते. दोन वाट्या होत्या. एका वाटीत ढीगभर मटार, दुसरीत नाकारलेले तीन.

मी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात म्हटलं, "सर, ते लेबल माझं होतं."

"माहीत आहे," ते मान वर न करता म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"डावा कोपरा फाटलेला होता. आपल्या पॅकिंगमध्ये डाव्या हाताने लेबल सोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, बाई. एकोणीस वर्षं मी ती स्टुलांच्या कडांवरून खरवडून काढली."

मी माफी मागायला गेले होते, देवाशप्पथ. पण हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "मग रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहिलंत कसं? खोटी नोंद? तुम्ही? आमच्या एका पुसट आकड्यासाठी आम्हाला संध्याकाळपर्यंत उभं ठेवणारे तुम्ही?"

"हळू बोला," ते स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले. शेंग हातात तशीच राहिली. "समोर सहा मुली होत्या. तिथे तुमचं नाव लिहिलं असतं तर उद्या त्यांनी तुमचं ऐकलं असतं का?" मग ती शेंग सोलत म्हणाले, "आणि जो तो मला सांगतो, तुम्हाला जुळवून घेता येत नाही. मेव्हणा म्हणाला, शाळेत म्हणाले. म्हटलं, एकदा जुळवून घेऊन बघावं."

"मग?"

"दुपारपासून पोट दुखतंय."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं. नाक पुसत मी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि त्यांच्यापुढे आपटलं. "दुरुस्त करा. आत्ताच्या आत्ता. मला असली नोंद माझ्या बेकरीत चालणार नाही."

त्यांनी हात पुसले. आमच्या धंद्यात खाडाखोड चालत नाही, पुसणं तर महापाप. चुकलेल्या शब्दांवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, आणि शेजारी खरं लिहायचं. त्यांनी पट्टी घेऊन स्वतःच्या चुकीवर सरळ रेघ मारली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी डाव्या हाताने लिहिलं, "चूक मालकिणीची. लेबल तिनेच स्टुलाला चिकटवले व नोंद केली नाही." सही केली, तारीख घातली.

"दुरुस्तीचं कारण राहिलं," ते म्हणाले. "पहिली नोंद चुकीची का झाली?"

मी जरा विचार केला आणि लिहिलं, "मालकीण घाबरली."

त्यांनी वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. "घाबरली, हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे की अंदाज?"

"पाहिलेलं," मी म्हटलं. "अगदी जवळून."

"मग चालेल," ते म्हणाले आणि खाली सही केली.

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन बाहेर आली. आमच्या मध्ये उघडं रजिस्टर बघून तिचा चेहरा खर्रकन उतरला. "काय झालं ताई? यांचं काही चुकलं का?"

"यांचं नाही, माझं," मी मोठ्याने म्हटलं. "हे बघा, सहीसकट लिहून दिलंय."

तिने रजिस्टरकडे बघितलंसुद्धा नाही. कप खाली ठेवले आणि नवऱ्याला विचारलं, "उद्या डबा किती वाजता लागेल?"